वर्धेच्या काठची खंजिरी

शहरातील गृहस्थ गाणे ऐकावयास निघाला म्हणजे प्रथम तिकिटाची चौकशी करतो. गाणारा कोण, सभागृह कोठले, कार्यक्रम किती वाजता संपणार, हे सर्व आधीच ठरलेले असते. आणि गाणे आटोपले की गाणारा आपल्या वाटेने व ऐकणारा आपल्या वाटेने जातो. अलीकडे मोठ्या शहरांतील काही तरुण कोणाच्याही आश्रयावाचून आपापले वादकसंच उभारतात, स्वतः रचलेली गाणी लहानशा जागेत जमलेल्या माणसांपुढे गातात, आणि या प्रकाराला नवे म्हणून त्याचे कौतुक होते. कौतुक योग्यच आहे. परंतु आपल्या खर्चाने, आपल्या हिमतीवर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर गाणारी मंडळी महाराष्ट्राला नवी नाहीत. विदर्भातील वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सेवाग्राम आणि पवनार ही दोन स्थळे डोळ्यांसमोर येतात, फार तर हिंगणघाटचा कापूस आठवतो; पण त्या जिल्ह्याच्या गावागावांतून रात्री जो आवाज शेतापर्यंत ऐकू जातो, तो खंजिरीचा असतो. या खंजिरीला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एकदा सरकारलाही तिची दखल घ्यावी लागली आहे.

वर्धा जिल्हा हा नागपूर जिल्ह्यापासून १८६२ साली वेगळा काढला गेला. त्याच्या पश्चिम अंगाने वर्धा नदी वाहते आणि तीच त्याची सीमा आहे. नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून लोकांनी मानलेले हे स्थान असून तेथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपुरास जाते. त्यामुळे पंढरीची वाट येथील कुणब्याला, तेल्याला, माळ्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक. वाटेवर गावयाचे अभंग घरी परतल्यावर देवळाच्या ओट्यावर गावयाचे, एवढीच येथील भजनाची मूळ मांडणी. या भजनाच्या जोडीला कलगी-तुऱ्याचे फडही होते. तुरेवाले शिवाचा पक्ष घेत, कलगीवाले शक्तीचा. एकाने गाण्यातून कोडे घालावे, दुसऱ्याने गाण्यातूनच ते उलगडावे, आणि उत्तर न सुचल्यास सर्वांदेखत मान खाली घालावी. डफ व तुणतुणे एवढ्या सामग्रीवर ही झुंज उजाडेपर्यंत चाले. पूर्वेकडे वळावे तसतशी दंडार आणि खडी गंमत यांची रंगत वाढत जाई. सारांश, रात्रभर जागून गाणे ऐकावयाचे, ही रीत भजनी मंडळांनी नव्याने पाडलेली नाही; ती त्यांना आयती मिळाली.

भजनी मंडळाचा विशेष मात्र निराळा होता. कलगी-तुऱ्याच्या शाहिराला बिदागी लागे, तमाशाच्या फडाला सुपारी लागे. भजनी मंडळाला यांपैकी काहीच लागत नसे. मंडळात दहाबारा माणसे असत, आणि ती सर्व त्याच गावची. कोणी शेती करणारा, कोणी सुतार, कोणी शिंपी, कोणी दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. पेटी गावाने वर्गणी करून घ्यावी, टाळ कोणी नवसाचे म्हणून द्यावेत, आणि दिव्याचे तेल ज्याच्या घरी भजन असेल त्याने घालावे, असा सारा कारभार. मंडळाला मालक नव्हता, म्हणून त्याला कोणी काढून टाकू शकत नव्हता. आणि मंडळाला मिळकत नव्हती, म्हणून ती कोणी अडवूही शकत नव्हता. स्वातंत्र्य हा शब्द मोठमोठ्या सभांतून उच्चारला जाऊ लागण्यापूर्वी खेड्यातील ज्या थोड्या गोष्टी खरोखर स्वतंत्र होत्या, त्यांत हे मंडळ मोडते.

त्यातही खंजिरीने मंडळाचा भार आणखी हलका केला. वीतभर रुंदीचे लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेले कातडे, आणि कड्याच्या खाचांतून धातूच्या लहान चकत्या, एवढेच हे वाद्य. पखवाज वाहून न्यावा लागतो, पेटीला पावसापासून जपावे लागते. खंजिरी खांद्यावरच्या झोळीत मावते. एका हाताने ती धरावयाची व दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावयाची. कातडे फार ताणले गेले तर आतून पाण्याचा हात फिरवावा, म्हणजे तोच वाद्याचा तुकडा घुमू लागतो. वाजविणाराच गाणारा असतो, त्यामुळे साथीदार सापडेना म्हणून गाणे अडून राहिले असे कधी होत नाही. बाकीची मंडळी टाळ-झांजा घेऊन मागे बसतात व ध्रुपद उचलतात. गाणाऱ्याने एक चरण म्हणावा आणि पंधरावीस गळ्यांनी तो परत करावा, याला झील धरणे म्हणतात. ही झील हळूहळू समोर बसलेल्या लोकांतही पसरते. घटकाभराने गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, याचा हिशेब राहत नाही.

अशा एका रात्रीचे सामान्य स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या काळी गुरे बांधून झाली, जेवणे उरकली, म्हणजे चावडीपुढच्या किंवा मारुतीच्या पारावर सतरंजी पडे. कंदील टांगला जाई. पुढे सुबत्ता आली तेव्हा त्याच्या जागी गॅसबत्ती आली. आसपासच्या गावांची मंडळे बैलगाडीने, रेंगीने, नाही तर पायी येत. यजमान गावाने त्यांना चहा-पानसुपारी द्यावी, आणि पहिली बारी पाहुण्यांना द्यावी, हा शिष्टाचार. प्रारंभ गणेशवंदनेने किंवा गुरुवंदनेने होई. मग अभंग, मग गौळण, मग एखादे उपदेशाचे पद. एका मंडळाची बारी संपली की दुसरे पुढे सरके. मध्यरात्रीनंतर मुले आयांच्या मांडीवर निजत, म्हातारे घोंगडी ओढून घेत, आणि खऱ्या रसिकांची रात्र तेव्हाच सुरू होई. कारण आपली उत्तम चीज चांगले मंडळ उशिरापर्यंत राखून ठेवी. तांबडे फुटले की भैरवी, आरती व काल्याचा प्रसाद. त्याच दिवशी कित्येकांना कापूस वेचावयास जावे लागे, तरी रात्र वाया गेली असे कोणी म्हणत नसे.

या साध्या दिसणाऱ्या व्यवहारात एक मोठी गोष्ट घडत होती. वर्षातून अनेकदा एका गावचे लोक दुसऱ्या गावी जाऊन, शेजारी शेजारी बसून, एकच ओळ एकाच वेळी म्हणावयास शिकत होते. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांची स्मरणशक्ती पदांनी भरत होती. नवे पद एका रात्रीत ऐकून दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या गावी म्हटले जाई. वर्तमानपत्राला छापखाना लागतो, टपाल लागते, वाचणारा लागतो. पदाला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. लोकांत मत पसरविण्याचे हे साधन किती प्रभावी आहे, याची जाणीव बराच काळ ना सरकारला झाली, ना पुढाऱ्यांना.

सरकारचे लक्ष होते ते रंगभूमीवर. ब्रिटिश सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला आणि राजद्रोही वाटणारा प्रयोग थांबविण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० मध्ये बंदी आली, ती सर्वांच्या परिचयाची आहे. नाटकाला संहिता असते, थिएटर असते, जाहिरात असते. म्हणून ते पकडता येते. परंतु त्याच कायद्याने धार्मिक उत्सवांतील जत्रा व तत्सम प्रयोग आपल्या कक्षेतून वगळले होते. देवाच्या नावाने जमलेल्या लोकांना छेडू नये, हा त्यामागील धोरणीपणा. पारावरचे भजन या सवलतीच्या छायेत निर्धास्त राहिले. तेथे पद म्हटले जाई ते देवाचे. आणि त्यात देशाचे एखादे कडवे कधी मिसळले, ते फौजदाराच्या ध्यानात येण्यापूर्वी गावाला पाठ झालेले असे.

पुढाऱ्यांपैकी सामुदायिक गायनाचे सामर्थ्य ज्यांनी प्रथम नीट ओळखले, त्यांत महात्मा गांधींचे स्थान वरचे आहे, आणि योगायोगाने तेही वर्ध्यासच येऊन राहिले. त्यांच्या साबरमतीच्या आश्रमात विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे प्रार्थना व भजन यांची व्यवस्था पाहत, आणि आश्रम-भजनावलीची सिद्धताही त्यांचीच. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले व ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या लहानशा खेड्यात राहावयास गेले. याच शेगावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथे सकाळ-संध्याकाळची प्रार्थना उघड्या मैदानावर होई आणि ती ऐकावयास कोणालाही मज्जाव नसे. या प्रार्थनेत एक अपूर्व स्वर मिसळला होता. जपानी भिक्षू निचिदात्सू फूजी १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले होते. त्यांच्या पंथाचा एक भिक्षू पुढे आश्रमात राहिला. तो हातातील लहानसे एकतोंडी वाद्य बडवीत आपला मंत्र म्हणे, आणि तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायमचा समाविष्ट झाला. जपानशी युद्ध जुंपल्यावर पोलीस त्या निरुपद्रवी भिक्षूला घेऊन गेले. हातातल्या एका कातड्याच्या वाद्याशी सरकारचा संबंध येथे आला. पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या एका वाद्याशी यावयाचा होता.

ते वाद्य तुकडोजी महाराजांचे. तुकडोजींचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब शिंप्याच्या घरी झाला. मूळ नाव माणिक. शाळेचे शिक्षण थोडेच. परंतु वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात भजनाची गोडी लागली आणि तुकड्या हे नावही त्यांनीच दिले. खंजिरी घेऊन हा तरुण रानावनांतून, खेड्यापाड्यांतून हिंडला. १९३५ मध्ये त्याने मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून सुमारे महिनाभर तो त्यांच्या आश्रमात राहिला. मोझरी वर्धा नदीच्या पलीकडे, आष्टी-आर्वीच्या गावांना अगदी शेजारची. नदी उतरून येणाऱ्या या आवाजाला वर्धा जिल्ह्याने आपले म्हटले यात नवल नाही.

तुकडोजींनी भजनात केलेला पालट दोन प्रकारचा होता. पहिला विषयाचा. देवाच्या स्तुतीबरोबर गावाची सफाई, दारूचे व्यसन, सावकारी, शिवाशिव, हुंडा, आणि परकी सत्ता, हे सर्व त्यांच्या पदांतून आले. मराठीत आणि साध्या हिंदीतही ती रचना असे. त्यामुळे नागपूरकडच्या हिंदी बोलणाऱ्या मजुरालाही ती समजे. दुसरा पालट शिस्तीचा. भजन म्हणजे हवे तेव्हा जमावे व हवे तेव्हा उठावे, अशी ढिलाई त्यांना मान्य नव्हती. ठरलेल्या वेळी रांगेने बसणे, सामुदायिक प्रार्थना, पांढरा पोशाख व भगवी टोपी, आणि भजन आटोपल्यावर गावाचे एखादे काम, असा क्रम त्यांनी घालून दिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या, तेव्हा त्यांना गायक शोधावे लागले नाहीत. जुनीच भजनी मंडळे नवा पोशाख करून पुढे आली.

यानंतर १९४२ साल उजाडले. चलेजावचा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै रोजी वर्ध्यासच संमत केला. ९ ऑगस्ट रोजी पुढाऱ्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि जिल्ह्यातील खेड्यांना मार्ग दाखवावयास कोणी उरले नाही. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी या दोन गावी एकाच दिवशी लोक उठले. आष्टीला जमाव तिरंगा लावण्यासाठी पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले. आणि खवळलेल्या जमावाच्या हातून फौजदारासह पोलीसही मारले गेले. या भागात तुकडोजींची भजने घरोघर म्हटली जात होती. लोक पेटले ते या भजनांनी, अशी सरकारची खात्री झाली, आणि त्याच महिन्यात त्यांना चांदा येथे अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. वर्ष संपता संपता त्यांची सुटका झाली.

आष्टीच्या घटनेचा अर्थ लावताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. भजनाने बंदुकीसमोर उभे राहण्याचे धैर्य दिले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु सेवाग्रामच्या प्रार्थनेतील संयम जमावाच्या मनात तेवढ्याच बळाने राहिला नाही, हेही तितकेच खरे. गाणे माणसांना एकत्र आणते. एकत्र आल्यावर पाऊल कोठे टाकावे, हे सांगणारा शहाणा माणूस त्या वेळी तुरुंगात होता. पुढे चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाचे प्राध्यापक भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली, आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळे प्रभृतींनी अविश्रांत खटपट केल्यावर १९४५ मध्ये ज्यांचे फाशीचे हुकूम कायम झाले होते त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. आष्टी गावाला तेव्हापासून लोक शहीद आष्टी म्हणतात.

सरकारने गायकाला तुरुंगात टाकले, पण भजन थांबले नाही. याचे कारण भक्तीत शोधले जाते, आणि ते खोटेही नाही. तथापि व्यवहाराचे कारण अधिक साधे आहे. तुकडोजी हे कोणत्याही मंडळाचे चालक नव्हते. एखादी नाटक कंपनी तिच्या मालकाला धरले म्हणजे बंद पडते, एखादे वृत्तपत्र त्याच्या छापखान्याला कुलूप लावले म्हणजे बंद पडते. येथे प्रत्येक गावाचे मंडळ वेगळे, प्रत्येकाची पेटी वेगळी, आणि पद सर्वांच्या तोंडी. शेकडो गावांतील शेकडो खंजिऱ्या जप्त करण्याइतके पोलीस मध्यप्रांत सरकारपाशी नव्हते.

मंडळाच्या गौरवाची ही बाजू सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. ज्या पारावर सतरंजी पडे, त्या पारावर गावातील सर्वांना बसता येत नव्हते. जमनालाल बजाज यांनी १९२८ च्या जुलैत वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, ते धाडस सर्व देशभर गाजले. गाजले याचाच अर्थ इतरत्र दारे बंद होती. खेड्यात एकाच रात्री दोन भजने चालत. एक देवळापुढे, दुसरे गावकुसाबाहेर. अभंग तेच, टाळ तेच, आणि चोखोबाचे नाव दोहोंकडे. पण सतरंजी एक नव्हती. तुकडोजींनी शिवाशिवीविरुद्ध पदे रचली व मंडळांना सर्वांस घेण्याचा आदेश दिला. त्याचा परिणाम काही गावी झाला, काही गावी पद तेवढे म्हटले गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वर्धा जिल्हा नागपूरला लागूनच. येथील असंख्य कुटुंबांनी तो मार्ग धरला. त्यांच्या वस्तीतील मंडळांनी जुनी पदे खाली ठेवली, वाद्ये मात्र ठेवली नाहीत. त्याच ढोलकीवर, त्याच पेटीवर भीमगीते व बुद्धगीते उभी राहिली. कव्वालीची चाल आली, सवाल-जवाबही आले. १९३० नंतरच्या काळात नाशिककडे भीमराव कर्डक यांच्या जलशांनी जी परंपरा सुरू केली होती, तिला वामनदादा कर्डक यांनी पुढे गावोगाव हिंडून भरास आणले. वामनदादा २००४ मध्ये निवर्तले. परंतु १४ एप्रिलच्या रात्री वर्ध्याच्या कोणत्याही खेड्यातील बौद्ध वस्तीत गेल्यास ध्यानी येते की, स्वखर्चाने उभे राहिलेले आणि कोणाच्याही परवानगीवाचून आपले दुःख व आपला अभिमान गाणारे मंडळ येथेही आहे. देवळाच्या पारावर जागा न मिळालेल्यांनी आपला पार बांधला, असा हा इतिहास आहे.

स्वातंत्र्यानंतर मंडळांना मान मिळाला, आणि मानाबरोबर काही अडचणीही आल्या. १९४८ मध्ये नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले व ग्रामीण गायकांना शहराच्या श्रोत्यांपर्यंत जाण्याचे दार उघडले. पण स्टुडिओत गाणे मिनिटांवर मोजले जाते. रात्रभर फुलत जाणारी बारी तेथे पंधरा मिनिटांत बसवावी लागे, आणि झील धरणारा श्रोता तर अजिबात नसे. तुकडोजींनी याच काळात ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ लिहिली. १९५५ मध्ये जपानमधील धर्मपरिषदेस ते आपली खंजिरी घेऊन गेले. ज्या देशाचा भिक्षू एकदा सेवाग्रामात वाद्य वाजवीत होता, त्या देशात वर्धेच्या काठचे वाद्य असे जाऊन पोचले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि जेमतेम प्राथमिक शाळा पाहिलेल्या या माणसाच्या नावाची पदवी आज वर्ध्याचे विद्यार्थी घेतात. त्यांचा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून पाळला जातो. गांधीजी शेगावी राहावयास आले तो दिवसही हाच.

आता अशा रात्रींचे रूप बहुधा खंजिरी भजनस्पर्धेचे असते. दूरदूरची मंडळे मोटारीने येतात, प्रत्येकाला वेळ नेमून दिलेली असते, परीक्षक ताल, सूर, पाठांतर व शिस्त यांना गुण देतात. स्त्रियांची मंडळे स्वतंत्रपणे पुढे आली आहेत, ही या काळाची मोठी कमाई. पूर्वी त्यांचा आवाज जात्यापाशी राही. तरुण मुले बक्षिसाच्या ओढीने का होईना, पाठांतर करतात. परंतु बक्षिसाची रक्कम बहुधा कोणीतरी धनिक किंवा पुढारी देतो, त्याचे नाव मंडपावर झळकते, आणि पहिली बारी सुरू होण्यापूर्वी त्याचे भाषण होते. ज्या मंडळाला कोणाची बिदागी लागत नव्हती, त्याला आता बक्षीस देणाऱ्याच्या सोयीने थांबावे लागते. हा बदल लहान दिसला तरी त्याने मंडळाच्या मर्मालाच हात घातला आहे.

त्याहून मोठा प्रश्न रात्रीचा आहे. ध्वनिक्षेपक आला तेव्हा मंडळांनी त्याचे स्वागत केले, कारण दूरच्या माणसालाही शब्द कळू लागले. पुढे कर्ण्यांची संख्या वाढली, लग्नाच्या वरातीने व मिरवणुकीने तिची मर्यादा ओलांडली, आणि आजारी माणसाला व अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप मिळेनाशी झाली. मग २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई झाली. वर्षातील ठराविक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला राहिला. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या मनाईत आली. नियम आवश्यक होता, याविषयी दुमत नसावे. पण त्याचा परिणाम असा की, कर्ण्याच्या अपराधाची शिक्षा खंजिरीलाही झाली. वीतभर कड्याचा नाद आणि भिंती हादरविणारा यंत्राचा आवाज यांना कायद्याच्या भाषेत एकच नाव आहे.

म्हणून पुष्कळ गावी मंडळे आता दहाच्या आत आटोपतात, किंवा सभामंडपाची दारे लावून आत गातात. बंद दारांआड गाणे वाईट होते असे नाही. आवाज उलट अधिक भरून येतो. परंतु उघड्या पारावर जे घडत असे ते आत घडत नाही. पारावर शेतातून परतणारा गडी थांबे, दुसऱ्या गावचा वाटसरू बसे, कोणी आमंत्रण न दिलेली म्हातारी कोपऱ्यात येऊन झील धरी. ज्यांना पूर्वी त्या पारावर जागा नव्हती, त्यांना ती मिळू लागण्याचा काळही नुकताच आला होता. दार लावले की आत कोण यावे हे कोणालातरी ठरवावे लागते, आणि हे ठरविणे पारावर कोणाच्याही हाती राहू नये, यासाठीच तर तुकडोजींनी इतकी पदे रचली.

यातून वाट काही मंडळांनी आपली आपण काढली आहे. ती संध्याकाळी दिवेलागणीलाच सतरंजी घालतात, ध्वनिक्षेपक लावीतच नाहीत, आणि दहाच्या ठोक्याला आरती करतात. रात्र चार घटकांची झाली, पण ती उघड्यावर राहिली. श्रोते पूर्वीपेक्षा जवळ सरकून बसतात, कारण शब्द ऐकू यावयाचे तर जवळ बसल्याखेरीज उपाय नसतो.